गेटवरचा कोरा फलक

कुठल्याही एमआयडीसीत केमिकल कंपनीच्या गेटापाशी चहा प्यायला थांबलात, तर एक फलक शोधून बघा. शोधावाच लागतो. एका कंपनीचा मला बोगनवेलीच्या आड सापडला, दुसरीचा वॉचमनच्या केबिनमागे, आणि तिसरीच्या फलकावर वॉचमनने टॉवेल वाळत घातला होता. पत्र्याचा, हिरवा नाहीतर निळा, वर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर. खाली रकाने आखलेले : घातक रसायनाचं नाव, साठा, हवेत काय सोडतो, पाण्यात काय सोडतो, कचरा किती. नावांपुढे रोज आकडा लिहिता यावा म्हणून जागा सोडलेली असते. ती बहुधा कोरी असते. आकडे असलेच तर दोन-तीन पावसाळे खाल्लेले.

हा फलक कंपनीने हौसेने लावलेला नाही. १४ ऑक्टोबर २००३ ला सर्वोच्च न्यायालयाने घातक कचऱ्यासंबंधीच्या खटल्यात आदेश दिला की, आत कोणती घातक रसायनं किती आहेत आणि बाहेर काय सोडलं जातं, हे मुख्य गेटाबाहेर लावा. उद्देश सरळ होता. रस्त्याने जाणाऱ्याला कळावं. आपण तो आदेश पाळला आणि असा पाळला की कोणालाच काही कळू नये.

आता दुसरं दृश्य. त्याच गेटातून एक टँकर आत शिरतोय. त्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना चौकोनी पट्टी आहे. त्यावर रसायनाचं नाव, चार आकडी नंबर, ते पेटणारं आहे की विषारी याचं चित्र, आणि अपघात झाला तर फोन कुठे करायचा ते. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन, १०७५ एलपीजी, १२०३ पेट्रोल. हे आकडे जगभर तेच. मोटार वाहन नियमांनी ही पट्टी सक्तीची केली आहे. ती नसेल तर हायवेवर पोलीस गाडी बाजूला घेतात, निदान घेऊ शकतात. म्हणजे जे रसायन तुमच्या घरापासून दहा सेकंदांत निघून जाणार, त्याचं नाव तुम्हाला वाचता येतं. तेच रसायन गेटातून आत गेलं, टाकीत उतरलं, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून तीनशे मीटरवर वर्षानुवर्षं मुक्कामाला राहिलं, की बिननावाचं होतं.

माझं म्हणणं या एका गोष्टीपुरतं आहे. आग, स्फोट आणि विषारी वायू यांबद्दल आपल्याकडे जी चर्चा होते ती कंपन्या हलवण्याची, मालकांना पकडण्याची, नुकसानभरपाईची. शेजाऱ्याला आधी सांगण्याची चर्चा होत नाही. ते काम सगळ्यांत स्वस्त आहे, कायद्यात आहे, आणि तेच कोणाला नको आहे.

मी हे बाहेरून बोलत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत मी ऑपरेटर म्हणून लागलो आणि शिफ्ट इनचार्ज म्हणून बाहेर पडलो. मधली तीस वर्षं रिअ‍ॅक्टरच्या प्लॅटफॉर्मवर गेली. एका पावसाळ्यात रात्रपाळीला चिलिंग प्लँटच्या पंपाचं ग्लँड, म्हणजे गळती अडवणारं सील, गेलं आणि अमोनिया सुटला. फार नाही. पण अमोनियाला फार व्हावं लागत नाही. नाकात शिरला की डोक्यात सुई गेल्यासारखं होतं. आम्ही सवयीने वर बघितलं. शेडच्या टोकाला विंडसॉक होता, तो कापडी पायमोजा. तो गेटाच्या दिशेने फुगलेला होता. म्हणजे गॅस गेटाकडे चाललाय. आम्ही वाऱ्याला आडवे, बाजूने मागच्या असेंब्ली पॉइंटला गेलो, मोजणी झाली, दोघांनी मास्क चढवून व्हॉल्व्ह बंद केला. वीस मिनिटांत सगळं आवरलं. कागदावर लिहायचं तर उत्तम प्रतिसाद.

गेटाबाहेर तात्याची टपरी होती. रात्री अडीचला शिफ्टवाल्यांसाठी तो चहा टाकायचा. त्याला वास आला आणि त्याने जे कोणीही करेल तेच केलं : वासाकडे पाठ केली आणि रस्त्याने सरळ पळत सुटला. वारा त्याच्याच पाठीमागून येत होता. तो गॅसच्या बरोबरीने पळत होता. अर्ध्या किलोमीटरवर नाल्याशी जाऊन बसला, डोळ्यांतून धारा, खोकून खोकून बेजार. बाजूच्या गल्लीत पन्नास पावलं आडवा गेला असता तर त्याला काही झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, "साहेब, काल काय होतं ओ ते?"

सकाळी मॅनेजरने आम्हाला सांगून ठेवलं होतं, बाहेर काही बोलायचं नाही. मी म्हणालो, "काही नाही रे, स्टीम होती."

तो चहाचे पैसे घेत नव्हता त्या दिवशी. मला त्रास झाला असेल असं त्याला वाटलं होतं.

ते "स्टीम होती" मी आजवर विसरलेलो नाही. पण माझ्या अपराधी वाटण्याला बाजूला ठेवू. मुद्दा असा की, आतल्या दीडशे माणसांना विंडसॉक म्हणजे काय ते माहीत होतं, सहा महिन्यांनी एकदा ड्रिल व्हायचं, मास्क होते, शॉवर होते. भिंतीपलीकडच्या माणसाकडे यातलं काहीच नव्हतं, आणि वायूला भिंत कळत नाही.

भोपाळची गोष्ट आपण इतक्यांदा ऐकली आहे की ती ऐकूच येत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र, युनियन कार्बाइड, चाळीसेक टन मिथाइल आयसोसायनेट. बंद ठेवलेली शीतयंत्रणा, दुरुस्तीत असलेली फ्लेअर (सुटलेला वायू जाळणारी चिमणी), अपुरा पडलेला स्क्रबर (वायू धुऊन काढणारं यंत्र), ही यादी पाठ असते. मला त्यातली दुसरी बाजू जास्त छळते. कारखान्याचा बाहेरच्या लोकांसाठीचा भोंगा त्या रात्री वाजला आणि काही मिनिटांत बंद केला गेला. लोक घाबरू नयेत म्हणून ही पद्धतच होती. तो पुन्हा वाजला तेव्हा गल्ल्यांत प्रेतं पडलेली होती. त्यातही तो भोंगा एरवी इतका वाजायचा की वस्तीतल्यांना त्याचा अर्थ उरला नव्हता. लोक वाऱ्याबरोबर पळाले. धावताना श्वास जोरात चालतो, म्हणून जास्त विष आत गेलं. हा वायू हवेहून जड, म्हणून लहान मुलं आधी गेली. ओलं फडकं तोंडावर धरलं असतं तर काही जण वाचले असते, आणि ओलं फडकं त्या झोपडपट्टीतल्या प्रत्येक घरात होतं. हमीदिया रुग्णालयातले डॉक्टर विचारत होते की हे कसलं विष आहे, आणि कारखान्याकडून उत्तर येत होतं की अश्रुधुरासारखं आहे, डोळे धुवा.

पुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. भोपाळनंतर दोन वर्षांच्या आत अमेरिकेने कायदा केला. १९८६ चा तो कायदा गावातल्या माणसाला शेजारच्या कारखान्यात काय आहे ते जाणून घ्यायचा हक्क देतो. युरोपात हे इटलीतल्या सेवेसोच्या अपघातानंतर, १९८२ च्या निर्देशाने आधीच सुरू झालं होतं; तिथे कारखान्याच्या आसपासच्या घरांना काय करायचं याची माहिती पोहोचवावी लागते. म्हणजे माणसं भोपाळची मेली आणि जाणण्याचा हक्क आधी अमेरिकेतल्या शेजाऱ्याला मिळाला.

आपण मागे राहिलो असंही नाही, हेच तर विशेष. १९८७ ला कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली : धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक प्रशासनाला आणि आसपासच्या जनतेला देणं मालकावर बंधनकारक. ती तरतूद २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेतही उतरली आहे. १९८९ चे घातक रसायनांचे नियम आले. त्यातला पंधरावा नियम सांगतो की, ज्यांना अपघाताची झळ बसू शकते त्यांना धोका काय आहे आणि त्या वेळी काय करायचं, काय नाही, हे आधी सांगा. १९९६ च्या नियमांनी तर प्रत्येक औद्योगिक पट्ट्यात स्थानिक आपत्ती गट नेमला. त्यात अग्निशमन अधिकारी, पोलीस ठाण्याचा प्रमुख, डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ते, स्थानिक संस्था. या गटाने महिन्यातून एकदा बसायचं आहे आणि आसपासच्या लोकांना शिकवायचं आहे. जिल्ह्याच्या आराखड्याची रंगीत तालीम वर्षातून निदान एकदा.

तुम्ही केमिकल झोनच्या जवळ राहत असाल तर स्वतःला विचारा. तुमच्या भागातल्या आपत्ती गटाची शेवटची बैठक कधी झाली? त्यात कोण आहे? मी ज्या ज्या सोसायट्यांत हा प्रश्न विचारला तिथे लोकांनी मलाच विचारलं, असा काही गट असतो का? तालीम होते, नाही असं नाही. ती कंपनीच्या आवारात होते. एक जण स्ट्रेचरवर झोपतो, फायर ब्रिगेड पाणी मारतं, तहसीलदारसाहेबांचा सत्कार होतो, पेपरात फोटो येतो. भिंतीबाहेरच्या एकाही बिऱ्हाडाला त्यात घेतलेलं मी पाहिलेलं नाही.

डोंबिवलीचं बघू. २६ मे २०१६, प्रोबेस कंपनीतला स्फोट : १२ मृत्यू, जखमी दोनशेच्या वर, दूरदूरच्या इमारतींच्या काचांचा चुरा. आठ वर्षांनी, २३ मे २०२४, अमुदान कंपनीतला स्फोट : मृतांचा आकडा पुन्हा दहाच्या वर, ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. दोन्ही स्फोट एमआयडीसीच्या फेज दोनमध्ये, दोन्ही मे महिन्यात, दोन्ही भर दिवसा. त्याआधी २०१४ चा हिरवा पाऊस, २०२० चा गुलाबी रस्ता. पहिल्या स्फोटाच्या चौकशीचा अहवाल सरकारने आपण होऊन लोकांपुढे ठेवला नाही. तो माहितीच्या अधिकाराच्या मागे लागून बाहेर काढावा लागला. आणि दरवेळी घोषणा एकच. कंपन्या हलवणार. २०२२ मध्ये १५६ कारखाने पाताळगंगेला नेण्याचं ठरलं होतं. २०२४ ला पुन्हा ठरलं.

हलवायला माझा विरोध नाही. काही कारखाने तिथे नसावेतच. पण पाताळगंगा म्हणजे रिकामं रान आहे का? रसायनी हे गावाचं नावच सांगतं तिथे काय आहे. डिसेंबर २०१८ मध्ये तिथे एका कारखान्यातून वायू सुटला आणि झाडांवरची माकडं मेली. त्या बाजूला आता विमानतळ आलाय, घरांच्या जाहिराती त्याच पट्ट्यातल्या. वीस वर्षांनी रसायनीकर म्हणतील, कंपन्या महाडला हलवा. महाडच्या एमआयडीसीतही नोव्हेंबर २०२३ मध्ये अकरा जण गेले. तारापूर, लोटे, कुरकुंभ, सगळीकडे हाच संसार आहे. धोका एका ताटातून दुसऱ्या ताटात वाढायचा आणि त्याला धोरण म्हणायचं, हे मला पटत नाही. आणि हलवाहलवीला लागणाऱ्या दहा-पंधरा वर्षांत शेजाऱ्याने काय करायचं? देवाचं नाव घ्यायचं?

इथे थोडं आतलं सांगतो, कारण स्फोट झाल्यावर बातम्यांत जे येतं त्याने माझं डोकं फिरतं. दरवेळी 'बॉयलर फुटला' असंच येतं. २०२४ लाही पहिल्या बातम्यांत बॉयलर होता, मग तो रिअ‍ॅक्टर झाला. फरक मोठा आहे. बॉयलरमध्ये पाणी असतं. त्याच्यासाठी १९२३ पासून वेगळा कायदा होता, राज्यात वेगळं बाष्पके संचालनालय आहे, दरवर्षी तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं. रिअ‍ॅक्टरमध्ये रसायनं एकमेकांशी भांडत असतात आणि भांडताना गरम होतात. त्याच्यासाठी असं स्वतंत्र खातं नाही.

रिअ‍ॅक्टर हाताबाहेर जातो कसा, हे दूध तापवणाऱ्याला सांगायला नको. दूध शांत असतं, शांत असतं, आणि आपण वळलो की वर येतं. क्रियेचा वेग साधारण दर दहा अंशाला दुप्पट होतो. वेग वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की वेग. बाहेरच्या जॅकेटमधलं थंड पाणी ती उष्णता ओढून नेतं तोवर ठीक. पंप बंद पडला, वीज गेली, ढवळणारा पंखा थांबला, की मिनिटं मोजायची. त्यात भूमितीचा एक फास आहे. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर आतला माल आठपट होतो, पण थंड करणारी भिंत चौपटच वाढते. म्हणून लॅबमध्ये दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये गुणी बाळासारखी वागणारी क्रिया पाच हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये छत उडवते. मालकाला ऑर्डर मोठी मिळाली म्हणून बॅच मोठी केली, एवढंच कारण पुरतं. ही बॅच आज मोठी आहे, हे भिंतीपलीकडे कोणाला कळणार?

आता पळवाट. १९८९ चे कडक नियम लागू होतात ते साठा एका मर्यादेवर गेला की. क्लोरीनसाठी ती मर्यादा दहा टन आहे. क्लोरीन टनर नावाच्या मोठ्या सिलिंडरमध्ये येतो, एका टनरात ९०० किलो. अकरा टनर ठेवले तर ९,९०० किलो होतात. दहा टन नाहीत! कायद्याच्या लेखी तुमच्या शेजारी मोठ्या अपघाताचा धोकाच नाही. जिल्ह्याच्या आराखड्यात तुम्ही नाही, पंधरावा नियम तुम्हाला नाही. एका टनराची गळती काय करते हे ज्याने पाहिलं आहे त्याला हा हिशेब हसवतो आणि रडवतोही. जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षं बेवारस पडलेल्या क्लोरीनच्या सिलिंडरांपैकी एक गळला, तर शंभरहून जास्त लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. तो कारखानाही नव्हता. बंदरात पडलेलं भंगार होतं ते. बर्फाचे कारखाने, शीतगृहं, पाणी शुद्धीकरण केंद्रं, पोहण्याचे तलाव, या सगळ्यांकडे अमोनिया नाहीतर क्लोरीन असतो आणि त्यांना कोणी केमिकल कंपनी म्हणत नाही.

आतल्या माणसालाही नाव माहीत असतंच असं नाही. ठेकेदाराकडून आलेल्या पोराला ड्रमवर 'आय-थ्री' लिहिलेलं दिसतं. इंटरमिजिएट नंबर तीन. स्पर्धक कंपनीला कळू नये म्हणून हे कोड. एकदा असाच एक पोरगा हातावर आणि गळ्यावर भाजला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय सांडलं? तो म्हणाला, आय-थ्री. बाईंनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, आय-थ्री, मॅडम. त्याला खरंच तेवढंच माहीत होतं. हमीदियातल्या डॉक्टरांचं जे झालं ते एका माणसापुरतं माझ्यासमोर झालं.

माहिती उघड करा म्हटलं की तीन उत्तरं येतात. पहिलं, लोक घाबरतील. विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरीन सुटलं तेव्हा लोक घाबरलेले नव्हते, झोपलेले होते. कारखान्याचा भोंगा वाजला नाही. वासाने जाग आली तसे उठून धावले आणि रस्त्यात कोसळले. बारा जण गेले. घाबरणं म्हणजे काय वाईट? गॅस सिलिंडरला आपण रोज घाबरतो, म्हणून तर रेग्युलेटर बंद करून झोपतो. वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, हे आज्जीपासून नातीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याने कोणी सिलिंडर घराबाहेर टाकलेला नाही.

दुसरं उत्तर : घातपात करणाऱ्यांना आयती माहिती मिळेल. टँकरवर ती लिहिलेलीच आहे. ज्याला वाईट करायचं आहे तो टँकरच्या मागे गेटापर्यंत येऊ शकतो. ज्याला जीव वाचवायचा आहे तोच अंधारात राहतो. व्यापारी गुपिताचंही तसंच : मला तुमची कृती नको, किती तापमानाला काय घालता ते नको. टाकीतलं रसायन वाऱ्यावर सुटलं तर मी खिडकी बंद करू की गच्चीवर जाऊ, एवढं हवं आहे.

तिसरं उत्तर जरा वजनदार आहे. आधी कारखाने आले, मग तुम्ही शेजारी राहायला आलात. डोंबिवलीत हे बरंचसं खरं आहे. एमआयडीसी साठच्या दशकातली, तेव्हा आजूबाजूला शेतं होती. मधला मोकळा पट्टा गिळला कोणी, तर बिल्डरने, नगररचना खात्याने, आणि स्वस्त फ्लॅट मिळतोय म्हणून डोळे मिटून सही करणाऱ्या आपण. हा दोष मी मान्य करतो. पण सही करताना खरेदीखतात लिहिलेलं होतं का, की चारशे मीटरवर अमुक इतक्या टनांची टाकी आहे? पार्किंग, क्लब हाऊस, स्टेशनपासून सात मिनिटं, हे सगळं छापलेलं होतं. घर घेणाऱ्याला जमीन एनए आहे का ते कळतं, कर्जाचा बोजा कळतो. टाकीचा बोजा कळत नाही. फ्लॅटचे भाव पडतील या भीतीने सोसायटीचे चेअरमनच गप्प बसतात, तेही मी पाहिलं आहे. तेव्हा हे फक्त मालकांचं पाप नाही. आपल्यालाही ते नाव ऐकायचं नसतं.

आणि हे फक्त शेजाऱ्याचं नाही, आग विझवायला येणाऱ्याचंही आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या आणि त्यांच्याबरोबर सुमारे १,४०० टन स्फोटकं. धोक्याचा माल असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा, ही बंदराची जुनी रीत. त्या दिवशी बावटा नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, चारनंतर स्फोट झाला. मधले दोन तास आजूबाजूच्या जहाजांवरचे खलाशी आणि गोदीतले हमाल धुराकडे बघत उभे होते. ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतो, शाळांत चित्रकला स्पर्धा घेतो. २०२० मध्ये बेरूतच्या बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट होतं, आणि आत काय आहे हे न कळता आगीवर गेलेले दहा जण परत आले नाहीत. पाण्याने विझणारी आग आणि पाण्याने भडकणारी आग यांतला फरक रसायनाच्या नावात असतो. ते नाव गाडी स्टेशनातून निघतानाच जवानाच्या हातात हवं. तिथे पोचल्यावर मॅनेजर शोधायचा आणि मॅनेजरचा फोन बंद, हा अनुभव कुठल्याही फायरमनला विचारा.

मला काय हवं आहे, ते फार मोठं नाही. गेटावरचा फलक मराठीत आणि हिंदीत, रोजच्या साठ्यासह. आकडा चुकला तर दंड त्या दिवसाचा, त्या दिवशीच. टँकरवरचा चार आकडी नंबर टाकीच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्यावरून वाचता येईल इतका मोठा. भोंग्याचे दोनच सूर, एक घरात थांबा, एक बाहेर पडा, आणि ते महिन्यातून एका ठरल्या वारी वाजवून दाखवायचे. मर्यादेखालच्या छोट्या साठ्यांची यादी वॉर्ड ऑफिसात लावलेली. आणि वस्तीतल्या चार-दोन उंच गच्च्यांवर विंडसॉक. त्याला किती खर्च? मंडपवाल्याकडच्या कापडात होतो.

तात्याला मी शेवटी खरं सांगितलं, पण सांगायला मला नोकरी सुटेपर्यंत थांबावं लागलं. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं, स्टीमला वास कुठे असतो." मग विचारलं, पळायचं कुठे ते सांगा. मी त्याला गल्ली दाखवली. पुढच्या वेळी गेलो तेव्हा टपरीच्या बांबूला त्याने दुधाची रिकामी पिशवी कापून पट्टी बांधलेली होती. गिऱ्हाईकं विचारतात हे काय, तर सांगतो, वारा बघायला. कंपनीच्या गेटावरचा फलक तसाच होता, कोरा.

तुमच्याकडचा फलक कोरा असेल तर अर्ज करा. माहितीच्या अधिकारात, जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, दोन वेगळे. तीन प्रश्न पुरतात : आमच्या भागातल्या स्थानिक आपत्ती गटाच्या गेल्या बारा बैठकांची इतिवृत्तं द्या, कारखान्याबाहेरच्या लोकांना घेऊन झालेल्या शेवटच्या तालमीची तारीख द्या, पंधराव्या नियमाखाली आमच्या वस्तीला जी माहिती दिली तिची प्रत द्या. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. उत्तराला मुदत तीस दिवसांची आहे.